अकरा वाजून सात मिनिटांनी

कागद परत आला तेव्हा बाबा काजं करत होते. महालाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीचा शिपाई जुझे सायकल माडाला टेकवून ओट्यावर आला, टोपी काढली, आणि कागद बाबांच्या हातात न देता शिलाई मशीनवर ठेवला. जसा काही तो गरम होता.

"शिक्का कुठाय रे?" बाबांनी कागद उलटापालटा करून बघितला.

"नाही मारला. साहेब आकडा बघून लाल झाले."

"कुठला आकडा?"

जुझेने बोट ठेवलं. ताईच्या लग्नपत्रिकेचा तो मसुदा माझ्या हातचा होता. त्यातल्या 'बुधवार, दिनांक २६ जानेवारी १९५५' या शब्दांभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ काढलेलं होतं, इतकं दाबून की कागद फाटायला आला होता.

"उद्या दहाला बोलावलंय. तुम्ही, भटजी, आणि हे ज्याने लिहिलं तो."

"तो नव्हे, ती," आई दारातून म्हणाली. "आमच्या द्वारकेने लिहिलंय."

जुझेने माझ्याकडे बघितलं. मी सतरा वर्षांची होते आणि तेराची दिसत होते. "देवा रे," एवढंच तो म्हणाला आणि पाणीही न पिता निघून गेला. आमच्याकडे आलेला जुझे पाणी न पिता कधी जात नसे.

हे सगळं गोव्यातलं, पोर्तुगीज असतानाचं. तेव्हा आमच्याकडे काहीही छापायचं म्हटलं की आधी सरकारी शिक्का लागे. मग ते पुस्तक असो, नाटकाची जाहिरात असो, नाहीतर लग्नाचं आमंत्रण. मजकूर मराठीत द्यायचा, सोबत पोर्तुगीज भाषांतर जोडायचं, साहेबाने ते वाचून शिक्का मारला की मग छापखाना खिळे जुळवणार. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन सात वर्षं उलटली होती आणि हद्द आमच्या गावापासून नऊ मैलांवर होती. चालत गेलं तर तीन तासांची वाट, पण मध्ये एक अख्खं राज्य. घरात आम्ही कोंकणी बोलायचो आणि लिहायचो मराठी. इथे बोलणंही मराठीतच लिहिते आहे, वळण राहील तेवढं राहील.

"सव्वीस तारखेला काय झालंय?" आईने विचारलं. "ग्रहण आहे?"

"मला काय ठाऊक?" बाबा म्हणाले. त्यांनी सुई उगाच पुन्हा ओवली. "त्या दिवशी साहेबाच्या कुणाचं श्राद्ध असेल."

"ख्रिस्तांवात श्राद्ध असतं?"

"असेल काहीतरी तसलंच!"

घरात फक्त मला ठाऊक होतं त्या दिवशी काय असतं ते.

बाबा शिंपी होते. ठाण्यातल्या पोलिसांचे खाकी कपडे तेच शिवत आणि खुद्द साहेबाच्या विजारीही. त्यांचं धैर्य सांगायचं तर, साहेबाच्या कमरेचं माप घेताना ते टेपसुद्धा सैल धरत, साहेबाला बोचू नये म्हणून. त्यामुळे आमच्या महालाचा सर्वोच्च अधिकारी सतत विजार वर ओढत फिरायचा. सत्याग्रह, जयहिंद हे शब्द कुणी ओट्यावर काढले की बाबा मशीन जोरात चालवायचे.

आणि आता साहेबाने त्यांनाच बोलावलं होतं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. ताई चोवीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा झाला होता. तो मुलगा एका सकाळी हद्द ओलांडून मुंबईला गेला तो गेलाच. पोलीस मागे लागले होते म्हणून गेला, पण गावाने ठरवलं की मुलीचा पायगुण. मग दोन वर्षांनी बांद्याच्या आरोलकरांनी होकार दिला. मुलगा शाळामास्तर, स्वभावाने शांत. पण बांदा हद्दीपलीकडे. वऱ्हाडाच्या बावीस माणसांचे पास मिळवायला तीन महिने लागले होते, आणि ते पास होते पंचवीस ते अठ्ठावीस जानेवारी एवढ्या चारच दिवसांचे. हद्दीवरची हवा रोज बिघडत होती. आता तारीख हलली की पास गेले, आणि पास गेले की नवे कधी मिळतील ते देवालाच ठाऊक. आरोलकर तरी किती थांबणार?

दुपारी केशवभट धावत आले. धोतराचा सोगा हातात, कपाळाला घाम.

"पुंडलिक, साहेब पंचांग मागणार!"

"मागू द्या की. दाखवा."

"काय दाखवा? कुठलं दाखवा?" भटजींनी आवाज एकदम खाली आणला. "ते छापलेलं आहे पलीकडे. वर शिक्का नाही. ते जवळ सापडलं की मी आत. आणि..." त्यांनी सोग्याने घाम पुसला.

"आणि काय?"

"आणि ते माझ्याकडे नाहीच. तुमच्याच घरात आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीनच्या पाटाखालच्या चिंध्यांकडे बघितलं. बाबा हळूच त्या पाटावरून उठले आणि लांब जाऊन उभे राहिले.

गोष्ट अशी होती. दर वर्षी पलीकडून एक छापील पंचांग कुणाच्या तरी सामानातून लपत आमच्या गावात येई. भटजींना बारीक अक्षर दिसत नसे आणि छापील वस्तू बाळगायची छातीही नव्हती. म्हणून ते पंचांग माझ्याकडे येई आणि मी ते मोठ्या अक्षरात वहीत उतरवून काढी. पाच गावांची लग्नं, मुंजी, वास्तुशांती माझ्या वहीवर चालत. मी शाळेत गेले ती दोन वर्षं, तीही पोर्तुगीज. मराठी माझी मीच शिकले. कापडाचे तागे पूर्वी मुंबईच्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येत. ते चुरगळलेले कागद मी बाबांच्या इस्त्रीने सरळ करायची आणि अक्षर अक्षर लावून वाचायची. जगात काय चाललंय ते मला असंच कळे. सहा महिने उशिरा आणि कडेला जळलेलं.

त्या छापील पंचांगात सव्वीस जानेवारीसमोर तिथी, नक्षत्र आणि त्याखाली 'प्रजासत्ताक दिन' असं होतं. वहीत उतरवताना मी तेवढे दोन शब्द गाळले होते. वही भटजींच्या पिशवीतून पाच गावं फिरणार, उगाच म्हातारा गोत्यात यायला नको. म्हणून भटजींनी वहीवरून मुहूर्त धरला तेव्हा त्यांना त्या दिवसाची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं, "माघ लागल्यावर बघ गो, विवाहाचा कुठला दिवस?" मी वाचलं होतं, "सव्वीस जानेवारी, बुधवार." आणि आई लगेच उठून देवापुढे साखर ठेवायला गेली होती.

संध्याकाळी ताई विहिरीवर भांडी घासत होती. मी शेजारी जाऊन बसले.

"बाबांनी जेवण घेतलं नाही," मी म्हटलं.

"मी दोन माणसांचं जेवले," ताई म्हणाली. "काळजीने मला भूक लागते."

"ताई, मोडलं तर?"

तिने तपेली पालथी घातली. "विहिरीकडे असं बघू नकोस, मी काही उडी मारायची नाही. मला पाण्याची भीती वाटते." मग ती पुन्हा राख चोळू लागली. "मला त्या मास्तरांचं काही ठाऊक नाही गो. एकदाच बघितलं. चहा पिताना बशीत एक माशी पडली, ती त्यांनी बोटावर घेऊन पंख वाळेपर्यंत धरून ठेवली. तेव्हापासून वाटतं, या माणसाकडे जावं." आणि तिने तोंड फिरवलं. "दुसऱ्यांदा मोडलं तर तिसरं कुणी विचारणार नाही, एवढं मला कळतं."

मला तेव्हाच तिला सगळं सांगायचं होतं. पण मी उठून तपेली घेतली आणि घरात आले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच आम्ही कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. बाबांनी काळा कोट घातला होता, दुसऱ्या कुणासाठी शिवलेला आणि न नेलेला. भटजी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. माझ्या मांडीवर पिशवी होती, आणि पिशवीत वही. पंचांगाची सोय सकाळीच केली होती. आईने ते चुलीत घातलं, आणि घालताना पानापानाला नमस्कार केला. त्यामुळे जळायला फार वेळ लागला.

आत गेलो. साहेब टेबलामागे. बाजूला उभा होता दुभाषी रामनाथ शणै. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कॉलर कडक. गावात त्याला 'पाखल्यांचा पोपट' म्हणत. पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज. शणै दिसला की लोक बोलणं बदलत. लग्नाकार्यात त्याला पहिल्या पंगतीला बसवत आणि त्याच्याशी हवापाण्यापलीकडे कुणी काही बोलत नसे.

साहेब पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाला. शणैने मराठी केलं, "साहेब विचारतात, हा दिवस कोणी काढला?"

"भटजींनी," बाबा म्हणाले.

"मी नाही!" भटजी म्हणाले. "पंचांगाने."

"साहेब म्हणतात, पंचांग दाखवा."

भटजी बाबांकडे बघत होते, बाबा साहेबाच्या विजारीकडे.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. मी वही टेबलावर ठेवली.

साहेबाने वही उघडली आणि भुवया वर केल्या. शणै म्हणाला, "साहेब विचारतात, हे छापलेलं कुठे आहे?"

"हे छापलेलं नाही. हाताने लिहिलेलं आहे. हाताने लिहिलेल्याला शिक्का लागत नाही ना?"

शणैने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि भाषांतर केलं. मला वाटतं, त्याने त्यातला प्रश्न काढून टाकला.

"मग हे कशावरून लिहिलं?"

हाच तो प्रश्न. याचं उत्तर मी रात्रभर शोधलं होतं आणि मला सापडलं नव्हतं. पण भटजी ताठ झाले. "गणित!" ते म्हणाले. "ग्रहांचं गणित. मी तोंडाने सांगतो, ही उतरवून घेते. आमच्यात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय." केशवभटांना तीन आणि चार नारळ मिळून किती होतात ते बोटांवर मोजावं लागे. पण त्या घडीला त्यांच्या चेहऱ्यावर अख्खं नक्षत्रमंडळ होतं.

साहेबाने वही शणैच्या हातात दिली. आता तो जोरात आणि भराभर बोलत होता. शणै वाक्य वाक्य तोडून आमच्यापुढे टाकत होता. "साहेब म्हणतात, त्या दिवशी पलीकडचे लोक धिंगाणा घालतात. इकडे माणसं घुसवतात. त्याच दिवशी तुमच्या अंगणात दोनशे माणसं, बावीस पलीकडची, ढोल, तोरणं. साहेब म्हणतात, हे लग्न आहे की दुसरं काही, ते आत्ता सांगा. नंतर आम्ही दुसऱ्या तऱ्हेने विचारू."

"लग्न आहे हो!" बाबा जवळजवळ ओरडले. "माझ्या पोरीचं लग्न आहे. बाकी मला काही माहीत नाही. त्या दिवशी काय असतं तेसुद्धा मला माहीत नाही!"

हे खोटं नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर असं उघड दिसत होतं की साहेब क्षणभर थांबला.

"सव्वीस तारखेसमोर काय लिहिलंय ते वाच," तो शणैला म्हणाला. एवढं पोर्तुगीज मला कळत होतं.

शणैने वाचलं. तिथी, नक्षत्र, विवाह.

"आणखी?"

"आणखी काही नाही, साहेब." खरंच नव्हतं. दोन शब्द मी गाळले होते.

साहेब खुर्चीत मागे टेकला. मग त्याने तो प्रश्न विचारला, आणि तोही मला शणैने सांगायच्या आधी कळला. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत लग्नाला दुसरा एखादा दिवस आहे का? असेल तर लग्न त्या दिवशी करा. विषय संपला.

शणैने पान उलटलं. त्याचं बोट ओळीओळीने खाली सरकू लागलं. एकतीस. एक. दोन.

दोन फेब्रुवारीवर ते थांबलं.

तिथे लिहिलं होतं, 'विवाह'. माझ्याच अक्षरात, मोठं, गोल, भटजींना दिसावं असं. मीच उतरवलं होतं. भटजींनी विचारलं तेव्हा वाचलं मात्र नव्हतं. दोन दिवस होते आणि मी एकच वाचला होता.

कशासाठी, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. दिल्लीत त्या दिवशी हत्ती सजवतात, असं मी इस्त्री केलेल्या कागदावर वाचलं होतं. मला हत्ती नको होता. आमच्या दारात त्या दिवशी तोरण असावं, सनई असावी, माणसं नवे कपडे घालून यावीत, आणि पाखल्यांनी त्यावर स्वतःच्या हाताने शिक्का मारावा. कुणाला कळणार नव्हतं, फक्त मला कळलं असतं. सतरा वर्षांच्या मुलीची ही मजा. आणि त्या मजेवर मी लावलं काय होतं, तर ताईचं आयुष्य. त्या क्षणी, त्या बोटाकडे बघताना, मला पहिल्यांदा ते नीट कळलं. आता शणै 'आहे' म्हणणार, तारीख हलणार, पास जाणार, आणि बांद्याचा मास्तर दुसरीकडे कुठेतरी चहा प्यायला जाणार.

शणैने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, डोळेही नाही. नुसती बघत राहिले.

त्याने वही मिटली.

"नांव आ, सिन्योर," तो म्हणाला. नाही, साहेब.

साहेबाने सुस्कारा सोडला. आमच्या मसुद्याचा कागद ओढला, दौतीत टाक बुडवला आणि तारखेवर एक जाड काळी रेघ मारली. मग दुसरी. दिवस, दिनांक, महिना, साल, सगळं गेलं. मग शिक्का उचलून धाडकन मारला.

"साहेब म्हणतात, लग्न करा," शणैने सांगितलं. "पण ही तारीख कुठल्याही कागदावर दिसता कामा नये. छापायची नाही, हाताने लिहायची नाही. वाजंत्री नाही, वरात नाही. दोन पोलीस मांडवात बसतील. दिवस मावळायच्या आत सगळे आपापल्या घरी."

बाबांनी इतक्या खाली वाकून नमस्कार केला की परक्या कोटाची पाठीवरची शिवण उसवली.

बाहेर पडताना व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असा शणै बाबांवर खेकसला, "पुढच्या पोरीचं लग्न काढाल तेव्हा जरा अक्कल चालवा!" वही त्याने माझ्या हातात दिली आणि ओठ न हलवता म्हणाला, "अक्षर छान आहे तुझं. जरा कमी स्वच्छ लिहीत जा."

चार दिवसांनी पत्रिका छापून आल्या. आईने एक हातात घेतली, मी तिला वाचून दाखवली. 'आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. लीलावती हिचा शुभविवाह' आणि पुढे बोटभर रिकामी जागा, आणि मग 'रोजी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी'.

"अकरा वाजून सात मिनिटं कुठल्या दिवशीची?" आई म्हणाली. "लोकांनी काय स्वप्नात बघायचं?"

तोंडाने सांगणं एवढाच उपाय होता. दुसऱ्या दिवसापासून बाबा आणि मी आमंत्रणाला निघालो. मी कुंकवाची डबी घेऊन, बाबा पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. पहिल्या घरी म्हाताऱ्या शिवरामकाकांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली. "पुंडलिक, अरे यात दिवसच नाही."

बाबांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "सव्वीस," ते कुजबुजले.

"काय?"

"सव्वीस. जानेवारी."

"मग छापलं का नाही?"

"साहेबांनी खोडलं."

"सव्वीस जानेवारी का खोडली?" शिवरामकाकांनी घरात हाक मारली, "अरे गोविंदा, सव्वीस जानेवारीला काय असतं रे?" गोविंदा बाहेर आला, त्याने बापाच्या कानात सांगितलं. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी बाबांकडे असं बघितलं, जणू तो माणूस त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता.

"पुंडलिक, तू?"

"अहो, मी नाही, पंचांगात..."

"आम्ही येतो," काका म्हणाले. "सगळे येतो."

घरोघरी हेच. ज्यांना त्या दिवसाची काही माहिती नव्हती, त्यांनाही साहेबाच्या काळ्या रेघेने ती दिली. प्रत्येक घरात प्रश्न, प्रत्येक घरात बाबांचं उत्तर. दहाव्या घरापर्यंत ते नाकारत होते. विसाव्या घराला नाकारायचं सोडून दिलं. चाळिसाव्या घराला त्यांनी रस्त्याकडे बघणंही सोडलं. गावच्या पाटलासारखा जो सरकारी माणूस होता, त्यालाही बोलवणं भागच होतं. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कधी म्हणालात?" आणि माझ्या बाबांनी, टेप सैल धरणाऱ्या माझ्या बाबांनी, त्याच्या ओट्यावर उभं राहून सगळं एका दमात सांगितलं, "बुधवार, सव्वीस जानेवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. घरच्यांना घेऊन या."

पण भीती गेली नव्हती. आई रोज सकाळी उठून आधी रस्ता बघायची. पंचवीस तारखेला वऱ्हाड येईपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. बावीस पासांपैकी एकोणीसच माणसं पोचली. नाक्यावर तिघांना परत पाठवलं होतं, पण नवरदेव आला होता. ताईने खिडकीच्या फटीतून बघून घेतलं आणि भाकरी मागितली.

लग्नाला दोनशे माणसं येणार होती. पाचशे आली. वाजंत्री नाही, वरात नाही, म्हणून अंगणात अशी शांतता की केशवभटांच्या मंगलाष्टका मांडवाबाहेर ऐकू जात होत्या. कोपऱ्यात दोन पोलीस बाकावर बसले होते, बाबांनीच शिवलेल्या खाकी कपड्यांत. दाराजवळ रामनाथ शणै उभा होता, कडक कॉलर लावून, कुणाशी न बोलता. मंगलाष्टकांना लोक उभे राहतातच, त्यात सरकारने हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. अकरा वाजून सात मिनिटांनी अक्षता पडल्या. आणि मग कुणी बसलं नाही. पाचशे माणसं, नव्या कपड्यांत, हात बाजूला घेऊन, एक शब्द न बोलता नुसती उभी राहिली. पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं. आपण बसलोय हे विचित्र दिसतंय असं त्यांना वाटलं असावं. तेही उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई हद्द ओलांडून गेली. नाक्यावरून माणूस निरोप घेऊन आला, सगळे सुखरूप पलीकडे पोचले. आई तेव्हा कुठे रडली. आज ताईला चार नातवंडं आहेत, आणि मास्तर अजून चहात माशी पडली तर सगळ्यांना थांबवतात.

एकसष्टच्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले. पुढच्या वर्षी गावच्या शाळेत एक समारंभ झाला, त्यात बाबांचा सत्कार केला. पाखल्यांच्या नाकावर टिच्चून सव्वीस जानेवारीला मुलीचं लग्न लावणारा माणूस, असं भाषणात म्हटलं. बाबांनी शाल घेतली, नारळ घेतला, लोकांना हात जोडले. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मी तिसऱ्या ओळीत बसून टाळ्या वाजवल्या. रामनाथ शणै समारंभाला नव्हता. पाखल्यांचा पोपट म्हणून त्याला कुणी बोलावलंच नव्हतं, आणि मी उठून काही सांगितलं नाही. ते मला अजून टोचतं. तो मडगावला मुलाकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. बाबा गेल्या चैत्रात गेले, म्हणून आता हे सगळं लिहिते आहे.

मी गप्प का बसले, तेही सांगते. ताई गेली त्या दुपारी अंगण रिकामं होतं. बाबा मांडवाच्या खांबांना बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्या एकेक करून सोडवत होते. मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. वहीत दोन दिवस होते, मी एकच वाचला, मुद्दाम वाचला, शणैला ते दिसलं आणि तो खोटं बोलला. सांगताना मी रडत होते. आता मार बसणार, याची खात्री होती. बसला असता तर बरंच वाटलं असतं.

बाबांचे हात थांबले.

"ताईला ठाऊक आहे?"

"नाही."

"भटजीला?"

"नाही."

त्यांनी डहाळी खाली ठेवली, धोतर झटकलं आणि सवयीने रस्त्याकडे एक नजर टाकली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"तर मग असं कर," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. लोकांना वाटतंय हा दिवस मी काढला. वाटू दे."